बारा मीटर की सव्वाअकरा : बेळगावातल्या एका यॉटखरेदीचं प्रकरण

दादानं वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखले होते: फिरणं, शर्यत, राहणं. प्रत्येकाखाली दिवस. फिरणं ४०, शर्यत ३०, राहणं ६०. बेरीज १३०. "वर्षातले एवढे दिवस बोटीवर, बाकीचे बेळगावात," असं म्हणून त्यानं वही माझ्या टेबलावर ठेवली. टेबल उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीतलं, बाहेर भट्टी रिकामी करायचं चाललेलं, त्यामुळं अर्धं बोलणं ओरडूनच झालं.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मूळ खानापूर तालुक्यातला, आता हिंदवाडीत. बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत, शेवटची बारा चीफ इंजिनिअर. लाख टनांच्या जहाजांची इंजिनं सांभाळली, पण शिडाची दोरी हातात धरली ती पन्नाशीनंतर, गोव्यात, दुसऱ्याच्या बोटीवर. तिथून हे वेड लागलं. वहिनी मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा सिंगापूरला नोकरीला, सुट्टीच्या दिवशी कुणा ना कुणाच्या यॉटवर शर्यतीचा क्रू. पैशाचे दोन वाटे दादाचे, एक मुलाचा, म्हणून मतं तिघांची. माझा त्यात एक पैसा नव्हता. ओतकाम, बोल्ट आणि तडे मला कळतात, म्हणून मला नेलं.

बेळगावचा माणूस आणि शिडाची बोट, हे ऐकून हसणारे खूप भेटले. त्यांना दादाचं उत्तर ठरलेलं. म्हादई उगम पावते आमच्या खानापूर तालुक्यात, गोव्यात उतरली की मांडवी होते. त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी बोटीला नौदलानं ‘म्हादेई’ नाव दिलं. ती घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला वळसा घालून आले, असं करणारे पहिले भारतीय. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तीच बोट घेऊन कुठंही न थांबता फिरून आले. "पाणी आमचं, नाव आमचं, मग बोट घेतली तर बिघडलं कुठं?" ह्या पाण्यावरून दोन राज्यांचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. ते इथं नको.

बोट गोव्यातच ठेवायची, हा पहिला विचार. चोर्ला घाट उतरला की तीन तासांत पणजी. पण परदेशी बांधणीची बोट आणायची म्हटलं की आयात शुल्क, वर जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी नौकांवर तो ४० टक्के. शिवाय पावसाळ्याचे चार महिने आपल्या किनाऱ्यावर अशी बोट नुसती बांधून ठेवायची. म्हणून बोट मलेशियातल्या लंगकावीला घ्यायची आणि तिथंच ठेवायची असं ठरलं. बेट १९८७ पासून करमुक्त आहे. मरीना, म्हणजे यॉट बांधून ठेवायचे धक्के, आहेत, बोट उचलायची सोय आहे, फुकेत उत्तरेला सुमारे सव्वाशे सागरी मैलांवर. शर्यतीही जवळच: राजा मुडा नोव्हेंबरात, फुकेतची किंग्ज कप डिसेंबरात, लंगकावीची आपली जानेवारीत.

भारतीय पासपोर्टला डिसेंबर २०२३ पासून मलेशियाचा व्हिसा लागत नाही, पण एका खेपेला मुक्काम तीस दिवसांचाच. म्हणजे ‘राहणं’ ह्या रकान्याचा खरा अर्थ महिनाभर लंगकावी, मग फुकेत, मग परत, असा झाला. राहायच्या बोटीला चालावंही लागणार होतं. हे वही लिहिताना दादाच्या डोक्यात नव्हतं.

पैसे पाठवायचा भाग चार ओळींत संपवतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेवढे आमच्याकडं नव्हतेच. दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. पन्नास लाख पाठवले तर आठ लाख रिटर्न भरेपर्यंत अडकले. बजेट आखताना हे आठ लाख धरायचे राहिले होते. बोटीच्या नोंदणीचं प्रकरण इतकं मोठं आहे की ते वेगळंच लिहावं लागेल.

घोडी आणि म्हैस

निवड दोन बोटींवर आली. पहिली बेनेटो फर्स्ट ४०.७, फ्रेंच बांधणीची, न्यूझीलंडच्या ब्रूस फार यांचं डिझाइन. लांबी जवळजवळ १२ मीटर, रुंदी ३.७८, वजन ६.९ टन, आणि पाण्याखाली २.४ मीटर खोल जाणारी किल. किल म्हणजे बोटीच्या पोटाखालचा वजनाचा पंख. कोकणातले जुने खलाशी लाकडी गलबताच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात, पण इथं नुसता कणा नसून टांगलेलं वजन आहे. मागितलेली किंमत ६२,००० डॉलर.

दुसरी हॉलबर्ग-रॅसी ३६. स्वीडनमधल्या ऑरुस्ट बेटावरची बांधणी, डिझाइन अर्जेंटिनाच्या हेरमान फ्रेर्स यांचं. लांबी ११.३ मीटर, रुंदी ३.५५, किल फक्त १.६७ मीटर खोल, वजन ७.५ टन, पैकी ३.२ टन किलमध्येच. कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची उघडी जागा, मधोमध, पुढं काच, मागं वेगळी केबिन, डेकवर सागवानी पट्ट्या. मागितलेली किंमत ८४,००० डॉलर. बोट पहिलीपेक्षा जुनी, तरी महाग.

लंगकावीच्या धक्क्यावर दोघींना शेजारी बघून दादा म्हणाला, "ही घोडी, ती म्हैस." वहिनी लगेच म्हणाल्या, "दूध म्हैसच देते." ती नावं मग चिकटली ती चिकटलीच.

वजनात फरक ६०० किलोंचा, म्हणजे काहीच नाही. खरा फरक ते वजन किती लांबीवर पसरलंय त्यात आहे. पाण्याला टेकणारी लांबी घोडीची साडेदहा मीटरच्या थोडी वर, म्हशीची ९.३. वजन आणि ह्या लांबीच्या घनाचं जे गुणोत्तर यॉटवाले काढतात, ते घोडीचं १६० च्या आसपास येतं, म्हशीचं २६०. पहिला आकडा शर्यतीकडं झुकलेला, दुसरा लांबच्या प्रवासाचा. पाण्याच्या लांबीवरून निघणारा कमाल वेगाचा अंदाज मात्र घोडीचा ७.९ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि म्हशीचा ७.४. अर्ध्या नॉटसाठी एवढी चर्चा? असं मी विचारलं, तेव्हा दादाच्या मुलानं, माझ्या पुतण्यानं, माझ्याकडं दयेनं बघितलं. "काका, हा आकडा भरपूर वारा असतानाचा. इथं वारा असतोय कुठं?"

पहिली चाचणी आणि आमची चूक

त्याचं खरं होतं. मलाक्काची सामुद्रधुनी मंद वाऱ्याची. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा बरा वाहतो, पण मधेमधे दिवसच्या दिवस पाणी तेलासारखं. चाचणीच्या दिवशी ७-८ नॉट वारा होता. घोडी बाहेर काढली. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, आणि पुढचं मोठं जेनोआ चढलं, आणि बोट अशी सरकली की पाण्याचा आवाज नंतर आला. ५.८ नॉट. पुतण्या सुकाणूवर, चेहरा सहावीतल्या पोरासारखा. दुपारी त्याच वाऱ्यात म्हैस. ३.६ नॉट. दादानं शिडं घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली. ३.६.

संध्याकाळी त्यानं वहीत हिशोब मांडला. फुकेत १२५ मैल. घोडीला साडेएकवीस तास, म्हशीला जवळजवळ पस्तीस. म्हणजे एक रात्र जास्त, तीही मासेमारीच्या जाळ्यांतून आणि मोठ्या जहाजांच्या वाटेला लागून. नाहीतर इंजिन. "म्हणजे फिरायलासुद्धा घोडीच बरी की," दादा म्हणाला. त्याचं मन म्हशीवर होतं, हे मला तेव्हा त्याच्या आवाजावरून कळलं.

पुस्तकी समज अशी की हलकी, वेगवान बोट शर्यतीला आणि जड बोट प्रवासाला. मंद वाऱ्याच्या प्रदेशात हे उलटं पडतं. इंजिन लावून जायचं असेल तर जड प्रवासी बोटीची शिडं नुसती शोभेची. तीन दिवस आम्ही ह्याच विचारात होतो आणि घोडी जवळजवळ घेतलीच होती.

चौथ्या दिवशी तपासणीसाठी म्हैस उचलली. पट्ट्यांवर ती हवेत चढली आणि आम्ही चौघंही गप्प. पोटाखाली बार्नेकल, कालवांसारखे चिकटलेले, बोटभर जाडीचे. प्रोपेलर तीन पात्यांचा, न मिटणारा, प्रत्येक पात्यावर खडबडीत टोपी. मालक आठ महिने युरोपात होता, तेवढे महिने बोट एका जागी उभी. घोडी दोन आठवड्यांपूर्वीच शर्यतीसाठी खरवडून रंगवलेली, आणि तिचा प्रोपेलर शिडावर असताना मिटतो. आम्ही धुतलेला शर्ट आणि चिखलातला शर्ट तराजूत घालून कापडाचं वजन ठरवत होतो. यंत्रांच्या धंद्यात तीस वर्षं काढलेली दोन माणसं, आणि ‘स्थिती सारखी करा, मग मोजा’ हे दोघांनाही सुचू नये, ह्याची मला अजून लाज वाटते.

तळ पाण्याच्या जोरानं धुऊन, खरवडून पुन्हा पाण्यात सोडली. पुन्हा साधारण आठ नॉट वारा. ४.७. घोडीपेक्षा कमीच, पण फरक सव्वादोन नॉटवरून एकावर आला. शिवाय प्रोपेलर अजून तोच होता.

पीठ

ह्या दुसऱ्या चाचणीत वहिनींनी आपली चाचणी घेतली. बेळगावाहून ज्वारीचं पीठ आणलं होतं, लाटणं नाही, परात आणली. मरीनात उभ्या बोटीत स्वयंपाक कुणालाही जमतो, म्हणाल्या. बोट कलंडलेली असताना करून बघायचा. शेगडी दोन्ही बोटींत झुलती, बोट कलली तरी ती सपाट राहते. प्रश्न बाईच्या कमरेचा. म्हशीत ओट्याच्या कोपऱ्यात पाठ टेकवून दोन्ही हात मोकळे राहत होते. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. घोडीत जागा जास्त, उजेड जास्त, पण पंधरा अंश कलल्यावर टेकायला काही नाही. कमरेला पट्टा बांधायची सोय होती, पण पट्टा बांधल्यावर परातीपर्यंत हात पोचेना. परात सरकली. पीठ सोफ्यावर. पुतण्या म्हणाला, "आई, शर्यतीत सँडविच खातात." वहिनी काही बोलल्या नाहीत, पीठ झटकत राहिल्या.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बघितल्या ज्या आम्हा तिघांच्या यादीत नव्हत्या. एक, रात्री पाऊस आला तर झोपायच्या जागेवरची कुठली खिडकी उघडी ठेवता येते. ह्या हवेत हा लहान प्रश्न नाही. दुपारी दोनला घोडीच्या मागच्या केबिनीत तापमान ३७ होतं. दोन मागच्या केबिनी कॉकपिटच्या खाली, छत नाकाला टेकणारं. दुसरी गोष्ट, ओले कपडे कुठं टांगायचे. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुचू नये? पण जहाजावर लॉन्ड्री असते.

म्हशीतही सगळं गोड नव्हतं. सागवानी डेक उन्हात असा तापतो की अनवाणी पाऊल ठेवलं की तुळजाभवानी आठवते. आणि त्या पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या. स्क्रूच्या डोक्यावरचे लाकडी बूच जागोजागी निघालेले. तीस वर्षांच्या उन्हापावसानंतर प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकच्या आत पाणी जायचं एक भोक. बोट तपासायला आणलेल्या सर्वेअरचं ओलावा मोजायचं यंत्र डाव्या बाजूला दोन ठिकाणी चढलं.

हातोडी

आता घोडीची किल. माझा खरा संबंध इथं.

आमच्या धंद्यात ओतीव भाग तपासायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे टांगा आणि हातोडी मारा. घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा. फायबरला घंटेचा आवाज नसतो, पण चिकटलेलं आणि सुटलेलं ह्यांच्या आवाजात फरक असतोच.

ह्या जातीच्या बोटीत तळाला मजबुती देणारा फायबरचा सांगाडा, मॅट्रिक्स म्हणतात तो, वेगळा बनवून तळाच्या आत चिकटवलेला असतो. किलचे बोल्ट त्या भागातून वर येतात. त्यांच्यावर भार किती? मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. किल सुमारे २.८ टन. तिचं वजनकेंद्र जोडापासून साधारण १.१ मीटर खाली. लाटेनं बोट पूर्ण आडवी पडली तर जोडावर तीन टन-मीटरचं वळण. बोल्टांच्या दोन ओळींत अंतर वीतभर, २० सेंटीमीटर, धरलं तरी एका बाजूच्या बोल्टांवर मिळून पंधरा टनांची ओढ. बोल्ट ही ओढ सहज सोसतात. पण बोल्ट ज्यात धरलेत ते फायबर, आणि फायबर ज्याला चिकटलंय तो जोड, ह्यांनीही ती सोसायची.

मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची फर्स्ट ४०.७ अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना अटलांटिकमध्ये किल गळून उलटली. चार जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं २०१५ मध्ये अहवाल दिला. नेमकं कारण सिद्ध करता आलं नाही. पण बोट आधी जमिनीला लागल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या ह्यांनी किलचा आणि मॅट्रिक्सचा जोड कमजोर केला असावा, ही शक्यता त्यांनी मांडली. आणि जोड असा सुटला तरी तो सहज दिसत नाही, हेही. दोष एका डिझाइनवर टाकून मोकळं व्हायचं हे प्रकरण नाही. ह्याच जातीच्या बोटीनं २००३ ची सिडनी-होबार्ट शर्यत गुणांकावर, म्हणजे बोटीच्या ताकदीप्रमाणं वेळ जुळवून, जिंकलीय, आणि ह्या बोटी जगभर वर्षानुवर्षं नीट चालतायत. पण जमिनीला लागलेली बोट तपासताना कुठं बघायचं, ते त्या चौघांच्या जिवावर आपल्याला कळलंय.

बघायचं मागं. किलचं पुढचं खालचं टोक खडकाला किंवा वाळूला लागलं की किल तरफेसारखी फिरते आणि तिचं मागचं टोक वर बोटीच्या पोटात घुसायला बघतं. घोडीच्या किलच्या पुढच्या टोकावर रंगाखाली भरणी होती, नखानं कळण्यासारखी. मागच्या टोकाशी जोडावर केसाएवढी रेघ, रेघेतून तपकिरी ओघळ. दलाल म्हणाला, वाळूला जरासं घासलं होतं, काही नाही. मी आत बिल्जमध्ये, तळाच्या खोलगट जागेत, उतरलो, पालथा पडलो, आणि मॅट्रिक्सच्या कडेकडेनं पाव किलोची हातोडी वाजवत गेलो. टक, टक, टक. मागच्या दोन बोल्टांपाशी आलो आणि थप. पुन्हा मारली. थप. हातभर लांबीत तसाच आवाज, मग परत टक. खिशात फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, असतोच. ०.१५ मिमीची पाती जोडात घातली, ती दोन बोटं आत गेली. जिथं ती मुळात शिरायलाच नको.

मी बाहेर आलो. दादानं माझा चेहरा बघितला आणि विचारलं नाही.

सर्वेअरनं तेच लिहिलं, जास्त सभ्य भाषेत: किल उतरवून, सुटलेला भाग घासून, पुन्हा फायबरचे थर देऊन मगच किल चढवावी. तिथल्या यार्डनं खर्च सांगितला १४,००० डॉलर, वेळ दोन महिने. विकणारा किमतीत ४,००० सोडायला तयार, त्याच्यावर एक डॉलर नाही.

रकाने पुन्हा

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर वही परत उघडली. पुतण्याची बाजू मी इथं हलकी करून सांगणार नाही, कारण ती हलकी नव्हती. तो म्हणाला, दुरुस्ती धरूनसुद्धा घोडी म्हशीच्या किमतीत बसते. दुरुस्त केलेली किल ही न तपासलेल्या किलपेक्षा बरी. वेगवान बोट वादळाच्या आधी बंदर गाठते. आणि पुढं विकायची झाली तर शर्यतवाले हिला उचलतात. एकेक मुद्दा खरा.

मग वहिनींनी विचारलं, "तुझी रजा किती?" वर्षाला अठरा दिवस. त्यातले दिवाळीला बेळगावात यायचं असतं. शर्यतीचा ३० चा आकडा तिथंच ९ वर आला. दादानं पुढं विचारलं, ही बोट शर्यतीत चालवायला माणसं किती? आठ-नऊ. त्यांचं राहणं-खाणं कोण करणार, आणि दर दोन-तीन हंगामांनी नवी शर्यतीची शिडं कोण घेणार? पुतण्या गप्प झाला, पण रागानं नव्हे. त्यानं फोन काढून बेरीज केली आणि आकडा कुणाला दाखवला नाही. क्रू म्हणून मात्र त्याला कुणीही घेतं. शर्यतीत माणसं नेहमी कमी पडतात, बोटी नाहीत.

नवे आकडे: फिरणं ३५, शर्यत ९ (दुसऱ्याच्या बोटीवर), राहणं ९० ते ११०. वही चार महिन्यांपूर्वी लिहिली तेव्हा तिघंही आपापल्या स्वप्नाचे दिवस लिहीत होते. तीन कामं एकाच बोटीला सांगताना आम्ही बोटी जोखत बसलो, आणि दिवस मोजायचे शेवटी ठेवले. ते आधी मोजले असते तर घोडी बघायलाही गेलो नसतो. अर्थात बघायला गेलो नसतो तर मला हातोडी वाजवायला मिळाली नसती.

दादाच्या मनातली शेवटची गाठ सुटली ती खोलीवर. त्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच खाड्यांत आणि मरीनांच्या तोंडाशी २.४ मीटरची बोट भरतीची वाट बघत उभी राहते. १.६७ ची आत शिरते. मे ते ऑक्टोबर तिथं ‘सुमात्रा’ येतात, पहाटे अंधारात काळी भिंत यावी तसे वादळी झोत, बरोबर विजा. तेव्हा बाहेर थांबायची वेळ येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हैस ७६,००० ला ठरली. त्यावर रिगिंग, म्हणजे डोलकाठी धरणाऱ्या तारा, ६,५००, कारण त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि तेवढ्या जुन्या तारांवर विमा कुणी देईना. पात्या वळवून पाण्याच्या ओघात धरणारा प्रोपेलर, आणि मंद वाऱ्यासाठी गुंडाळता येणारं एक मोठं हलकं शीड. ही दोन मागणी पुतण्याची, आणि त्यानंच पैसे घातले. त्यानंतर आठ नॉट वाऱ्यात ५.३ दिसलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवली.

डेक

आता माझी चूक. सागवानी डेक सगळा काढून फायबरनं बंद करायचा खर्च १६,००० सांगितला होता. मी म्हटलं, कशाला? ओलावा दोनच ठिकाणी आहे. तेवढ्या भागातले स्क्रू काढा, भोकं मोठी करून इपॉक्सीनं भरा, पुन्हा बूच मारा. २,५०० मध्ये काम झालं. फाउंड्रीत आम्ही हेच करतो, जिथं छिद्र तिथं भरणी. पण ओतीव लोखंडात पाणी आतल्या आत चालत नाही. डेकमध्ये चालतं. ते आत शिरतं एका स्क्रूपाशी आणि टपकतं दीड मीटर पलीकडं, तिसऱ्याच जागी. पहिल्या मोठ्या पावसात दादाच्या उशीवर टपकलं. त्यानं मला रात्री अडीचला, त्यांच्या घड्याळानं, फोन केला आणि बोलला काहीच नाही, नुसता फोन पातेल्याजवळ धरला. टप. टप. मी ओळखलं. आता पावसाळ्यात सगळा डेक निघणार आहे. १६,००० चे १७,५०० झालेत.

पहिल्या हंगामाचे आकडे वहीत आहेत. बोटीवर १०४ रात्री. फुकेतच्या दोन खेपा. इंजिन १८८ तास, दादाच्या मते जास्त, माझ्या मते ठीक. वहिनींनी वहीत आपला एक चौथा रकाना आखलाय, त्यात फक्त भाकऱ्यांची संख्या आहे, आणि तो रकाना दुसऱ्या कुणी भरायचा नाही.

घोडी तीन महिन्यांनी विकली गेली. नव्या मालकाला शर्यतीसाठी माणसं हवी होती, आणि त्यानं पुतण्याला विचारलं. पुतण्याच्या मनात जायचं होतं. दादानं एवढंच सांगितलं, "जा की. आधी किलच्या कामाचं बिल बघायला माग." मालक दिलदार, त्यानं लगेच फोटो काढून पाठवला. पुतण्यानं तो मला पुढं धाडला. बिलात बोट उचलायचे पैसे होते, तळ रंगवायचे होते, जोडाच्या रेघेत नवं सीलंट भरायचे होते. किल उतरवल्याची ओळ नव्हती.

पुतण्यानं त्याला माझ्या फीलर गेजचा फोटो पाठवला, सर्वेअरच्या अहवालाचं ते पान पाठवलं, आणि रजा नाही म्हणून कळवलं.